जाधव सिस्टरची झोप

जाधव सिस्टर बाकी सगळ्या सिनेमांना सिनेमा म्हणायच्या आणि फक्त एकाला 'पिक्चर'. "काल टीव्हीवर पिक्चर लागला होता," असं त्या म्हणाल्या की कुठला, हे विचारायची गरज नसायची. त्याचं नाव त्या घेत नसत, म्हणून मीही घेत नाही. तुम्ही तो पाहिला असेल तरी आठवत नसेल. गाणी बरी होती, हिरो पुढे फारसा चालला नाही आणि शेवट चारचौघांसारखा होता.

मुलुंडच्या प्रसूतिगृहात मी नोकरीला लागले तेव्हा त्या तिथल्या जुन्या नर्स होत्या. उंच, हाडापेराने मोठ्या, केस इतके घट्ट बांधलेले की कपाळ ताणल्यासारखं दिसायचं. पहिल्या दिवशी त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "सावंत म्हणजे कुडाळची का गं?"

"कणकवलीची."

"मग डब्यात मासे आणत जा. आम्ही बुलढाण्याकडचे. आमच्या आईला मासा पुस्तकातल्या चित्रात माहीत."

एवढीच आमची ओळख झाली आणि पुढे सगळी नोकरी तेवढ्यावर निघाली. त्या मला सावंत म्हणायच्या, मी त्यांना सिस्टर. माझं पहिलं नाव त्यांना माहीत होतं की नाही, शंका आहे. त्यांचं प्रमिला होतं, ते मला पगाराच्या कागदावरून कळलं.

वॉर्डात त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं, "बाई, आडवी हो." कळा सुरू झालेल्या बाईला, टाके घातलेल्या बाईला, रडणारीला, नवऱ्याशी फोनवर भांडणारीला, सगळ्यांना तेच औषध. आम्ही मागे त्यांची नक्कल करायचो. त्यांना ते माहीत होतं. त्या रागवायच्या नाहीत आणि हसायच्याही नाहीत.

भांडुपची एक बाई आठवते. फार अडली होती, सिझर करायचं ठरत होतं, आणि शेवटी पहाटे आपली आपण मोकळी झाली. दुपारी भेटीच्या वेळेला तिचं सासर आलं. सासू, नणंदा, पेढे, फुगे आणि मोबाइल समोर धरून व्हिडिओ काढत चालणारा दीर. जाधव सिस्टर दारात उभ्या राहिल्या.

"बाळ काचेतून बघा. आई झोपलीय."

"उठवा की तिला," सासू म्हणाली. "आम्ही काय परके आहोत?"

"परके असता तर सोडलं असतं. परकी माणसं दोन मिनिटांत जातात."

दिराने कुणाला तरी फोन लावला, त्या कुणाचा तरी डॉक्टर मॅडमना आला. मॅडम बिचाऱ्या खाली आल्या. "सिस्टर, सोडा ना त्यांना पाच मिनिटं."

"सोडते मॅडम. ती उठली की."

ते सगळं सासर संध्याकाळपर्यंत पॅसेजमधल्या बाकावर बसून राहिलं. फुगे तिथेच एकेक करून मऊ पडले. ती बाई उठली तेव्हा तिने पहिलं विचारलं, "सगळे चिडलेत का?" बाळाचं नंतर विचारलं. जाधव सिस्टर तिची उशी सारखी करत म्हणाल्या, "चिडू देत. तू झोपलीस ना?"

आता पिक्चरचं सांगते. ड्यूटी रूममध्ये गॉजच्या घड्या घालता घालता त्यांनी तो आम्हाला किती वेळा सांगितला असेल. पण त्या कधीच अख्खा सांगत नसत. त्यांना त्यातला एकच तुकडा हवा असायचा.

"एक मुलगी असते. लग्न मोडलेलं असतं तिचं, का तिनेच मोडलेलं असतं, ते नीट कळत नाही. टॅक्सीतून उतरते. समुद्रावरचं मोठं हॉटेल. पायऱ्या चढून जाते. काउंटरवरचा माणूस विचारतो, मॅडम, एकट्याच? ती म्हणते, हो, एकटीच. तो किल्ली देतो. पुढे एक शब्द विचारत नाही. मग ती खोलीत जाते, आतून कडी लावते, बांगड्या काढून टेबलावर ठेवते, पडदे ओढून घेते आणि चपलांसकट पलंगावर पडते. दुपार असते गं, भर दुपार. आणि ती झोपते. पडद्यावरचं ऊन पिवळ्याचं राखाडी होईपर्यंत नुसती झोपते."

"आणि मग?"

"मग उठते. मग तो हिरो येतो. पुढे नेहमीचंच."

घाटकोपरच्या थेटरात त्यांनी तो नर्सिंगला असताना पाहिला होता, आणि नंतर पुन्हा पुन्हा. त्या सांगायच्या, बरोबर त्या वेळेला लोक समोसा घ्यायला उठायचे, कारण पडद्यावर काहीच होत नसायचं. "मी ओरडायची, बसा खाली. इथेच तर खरा पिक्चर आहे."

एकदा डॉक्टर मॅडमनी हे ऐकलं. त्यांचे कुणी नातेवाईक त्या धंद्यात होते. त्या म्हणाल्या, "सिस्टर, हॉटेल फक्त बाहेरून दाखवलंय. खोली म्हणजे गोरेगावच्या स्टुडिओतला सेट. तीन भिंती, चौथी नसतेच." आम्हाला वाटलं आता जाधव सिस्टर हिरमुसणार. त्यांनी गॉजची घडी पुरी केली आणि म्हणाल्या, "असू दे मॅडम. दाराला कडी तर होती ना?"

त्यांचं घर पाहिलं आणि मग मला हे सगळं कळलं. बुद्धपौर्णिमेला खीर खायला बोलावलं म्हणून मी विक्रोळीला गेले होते. वडील कंपनीत होते, त्यांनी घेतलेल्या दोन खोल्या. भिंतीवर बाबासाहेबांची आणि बुद्धाची तसबीर, खाली आई खाटेवर, दोन भाऊ, दोघांच्या बायका, पोरं, पोरांच्या सायकली, शिलाई मशीन, दोन कपाटं. सगळं लख्ख आणि सगळं एकमेकांना चिकटलेलं. मी सहज विचारलं, "तुम्ही कुठे झोपता?" त्यांनी कपाट आणि स्वयंपाकाचा ओटा यांच्यामधल्या फरशीकडे बोट केलं. तिथे तेव्हा एक पुतणी बसून पाढे लिहीत होती. रात्रपाळी करून आल्या की दिवसा त्या तिथेच पडायच्या, डोक्याशी कुकरच्या शिट्ट्या आणि पायाशी पाढे.

आई मला म्हणाली, "आमची पमी झोपीत बी उभीच असते बाई. जरा हाक मारली की चपला घालून तयार."

घरात आतून कडी असलेलं दार एकच, मोरीचं. त्यावरही कुणीतरी थापा मारायचंच.

गैरसमज करून घेऊ नका. घरात त्यांचा मान होता. दोघा भावांना त्यांनी शिकवलं, वडिलांचं आजारपण काढलं. त्यांना विचारल्याशिवाय घरात पडदासुद्धा बदलत नसत. लग्नाचं मी एकदाच विचारलं. म्हणाल्या, "राहूनच गेलं ते. एखादं काम राहतं ना, तसं." मिलिंद, धाकटा भाऊ, त्याच्यावर त्यांचा फार जीव. तो मोठा झाला, त्याच्या कानशिलावरचे केस पांढरे झाले, तरी त्या त्याचा उल्लेख 'आमचा लहाना' असाच करायच्या.

त्या रिटायर झाल्या तेव्हा आम्ही त्यांना साडी दिली, हार घातला, भाषणं केली. उत्तरादाखल बोला म्हटलं तर उठून म्हणाल्या, "सगळ्यांनी नीट झोपत जा." लोक हसले. मला हसू आलं नाही.

नंतरही त्या थांबल्या नाहीत. कुणाच्या घरी आजारी माणूस असलं की खाजगी ड्यूट्या करायच्या. आई गेली. मोठा भाऊ वेगळा निघाला. मग त्यांची बिल्डिंग पाडून नवी बांधायचं ठरलं आणि तोवर सगळ्यांनी बदलापूरला भाड्याच्या घरात जायचं, असं मिलिंदने पक्कं केलं. सामान बांधायला लागले होते, तेव्हा एका सकाळी त्या माझ्याकडे आल्या. चहा अर्धा झाल्यावर विचारलं, "सावंत, तुझी पोरगी मोबाइलवरून हॉटेलांचं बुकिंग करते ना?"

"करते की. कुठलं हवंय?"

"पिक्चरमधलं."

मी हसले. त्या हसत नव्हत्या, म्हणून थांबले. "कोण कोण जाणार?"

"मी."

"आणि?"

"मी गं. एकटी. एक दिवस." मग कप खाली ठेवून म्हणाल्या, "बदलापूरला गेले की सगळं लांब पडेल. आत्ता नाही तर नाहीच."

घरी त्यांनी सांगितलं, अंधेरीला ड्यूटी आहे, उद्या येईन. माझ्या माहितीत त्यांनी घरी मारलेली ही एकच थाप.

मी त्यांना सोडायला गेले. पवईवरून टॅक्सीने जाताना त्या मांडीवर बॅग धरून बसल्या होत्या. पांढरी साडी, बारीक निळा काठ.  सिग्नलला गाडी थांबली तेव्हा म्हणाल्या, "झोप लागली नाही तर काय करायचं?"

"मग समुद्र बघायचा."

"समुद्र बघायला कशाला एवढं?"

हॉटेलच्या दाराशी उतरलो. पिक्चरमध्ये होत्या तिथे आता पायऱ्या नव्हत्या. सगळी काच, आणि चाकाच्या बॅगा जाव्यात असा उतार. त्या जरा वेळ त्या उताराकडे पाहत राहिल्या. "पायऱ्या काढल्या," एवढंच म्हणाल्या आणि आत गेल्या.

काउंटरवरच्या मुलीने आधार कार्ड मागितलं. ते पाहिलं, उलटून पाहिलं, आणि "एक मिनिट हं मॅडम," म्हणून आत गेली. बाहेर आला तो मॅनेजर. मराठीच होता, पस्तिशीचा, काळ्या कोटात, बोलायला मऊ.

"विक्रोळीच्या तुम्ही? एकट्याच, मॅडम?"

जाधव सिस्टरचा चेहरा असा उजळलेला मी कधी पाहिला नव्हता. त्या प्रश्नाची वाट बघण्यात त्यांचं अर्धं आयुष्य गेलं होतं. त्या म्हणाल्या, "हो, एकटीच."

पण त्याने किल्ली दिली नाही. "जरा इकडे बसू या का?" म्हणून त्याने आम्हाला बाजूच्या सोफ्यावर नेलं. पाणी मागवलं. मग बोटांत बोटं गुंतवून विचारायला लागला. घरी सगळे ठीक ना. कुणाशी काही वाद. काही आजारपण, टेन्शन. मला आधी कळेना. जाधव सिस्टरना कळलं.

"तुम्हाला वाटतंय मी जीव द्यायला आलेय."

तो लाल झाला. "तसं नाही मॅडम. पण मुंबईचाच पत्ता आणि एकटं माणूस असलं की आम्हाला विचारावं लागतं. मागे एकदा..." ते वाक्य त्याने तिथेच सोडलं.

"मला झोपायचंय," जाधव सिस्टर म्हणाल्या. आवाज वॉर्डातला होता, शांत आणि कोरडा. "घरी जागा नाही. बस, एवढंच आहे."

 शेवटी त्याने तोड काढली, की माझंही नाव त्याच खोलीवर घालायचं आणि घरच्या कुणाचा तरी नंबर लिहून द्यायचा. सिस्टर तो नंबर लिहायला लागल्या तेव्हा मी हळूच म्हटलं, "माझ्या मुलीचा लिहा." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "खोटं कशाला लिहायचं?" आणि केसपेपरवर लिहायच्या तशा गोल अक्षरात मिलिंदचा नंबर लिहिला.

खोली वरच्या मजल्यावर होती. बॅग घेऊन आलेल्या माणसाने टीव्ही, एसी, पडद्यांची बटणं दाखवायला सुरुवात केली. त्यांनी त्याला मध्येच थांबवलं. "आतून कडी कुठेय?" त्याने दारामागचा लॅच दाखवला. त्यांनी तो लावून पाहिला, काढला, परत लावून पाहिला. तो गेल्यावर त्यांनी पलंगाची गादी तळहाताने दाबली, चादरीचा एक कोपरा ओढून सारखा केला. मग मला म्हणाल्या, "तू बस ना. चहा सांगू या."

त्यांना मी तिथे नको होते आणि तसं सांगणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. मी म्हटलं, "मी खाली बसते. सिस्टर, तुम्ही आडव्या व्हा."

"होते," त्या म्हणाल्या. मी बाहेर पडले आणि मागे लॅचचा आवाज ऐकला.

खाली मी एका खांबाजवळची खुर्ची धरून बसले. कुणाचं तरी लग्न होतं, पाहुणे येत होते. कॉफी मागवली, ती संपली. काउंटरवरची मुलगी मधूनमधून माझ्याकडे बघत होती. ऊन बरंच उतरल्यावर मॅनेजर आला.

"मॅडम फोन घेत नाहीयेत."

"झोपल्यात."

"तीन-चारदा केला."

"झोपलेलं माणूस फोन घेतं का?"

"तुमची खात्री आहे?"

मी हो म्हटलं. पण म्हणता म्हणता मला टॅक्सीतला तो प्रश्न आठवला, आणि रिटायरमेंटच्या दिवशीचं वाक्य, आणि आत्ता नाही तर नाहीच. माझ्या तोंडावर ते दिसलं असणार. तो म्हणाला, "मी त्यांच्या भावाला कळवलंय. आपण वर जाऊन येऊ."

तो, एक सिक्युरिटीवाला, साफसफाईची एक बाई आणि मी. बेल वाजवली, दार ठोठावलं. काही नाही. त्याने त्याच्याकडचं कार्ड लावलं, दार वीतभर उघडलं आणि आतल्या लॅचला अडलं. आत अंधार होता. तो फटीतून मोठ्याने हाका मारायला लागला. "मॅडम. मॅडम. दार उघडा."

आत धडपड झाली. अनवाणी पावलं झपझप आली आणि त्यांचा आवाज आला. "आले, आले. कुठली बाई? किती उघडलंय?"

आम्हा चौघांत हे मला एकटीला कळलं. बाळंतीण अडली की ड्यूटी रूमचं दार आम्ही असंच वाजवायचो, आणि पिशवीचं तोंड किती उघडलंय, हे त्या असंच विचारत बाहेर यायच्या. त्यांनी लॅच काढला. पदर कमरेला खोचलेला, बांगड्या कोपराकडे सारलेल्या, हात धुवायला निघाल्यासारखे पुढे धरलेले. केस सुटे होते. ते मी जन्मात सुटे पाहिले नव्हते. पाठभर, पांढरेधोप.

मी म्हटलं, "कुणी नाही सिस्टर. चुकून आलो."

त्यांनी आमच्याकडे एकेक करून पाहिलं. मॅनेजर, सिक्युरिटीवाला, ती बाई, शेवटी मी. हात खाली आले.

"आहे मी," त्या म्हणाल्या. दार पूर्ण उघडून बाजूला झाल्या. "बघून घ्या."

आत कुणी गेलं नाही. मॅनेजर सॉरी म्हणाला, पुन्हा म्हणाला, आणि ते तिघे गेले. मी आत गेले. चार माणसं मावतील एवढा तो पलंग, आणि त्याच्या एका कडेची हातभर पट्टी तेवढी चुरगळलेली होती. कपाट आणि ओट्यामध्ये मावेल एवढीच. बाकी चादर जशीच्या तशी.

"लागली होती का?"

"लागली होती चांगली," त्या म्हणाल्या. "स्वप्नसुद्धा नव्हतं."

"परत पडा. मी जाते."

"आता नाही लागायची." त्या आरशापुढे उभ्या राहून केस बांधायला लागल्या. पिना तोंडात धरल्या होत्या, त्यामुळे पुढचं बोलणं झालं नाही. मग त्यांनी पलंग केला. चादर ओढली, कोपरे वॉर्डासारखे दुमडले, उशी थापटली. मी म्हटलं, खोली उद्यापर्यंत आपलीच आहे. तेवढ्यात खालून फोन आला, की भाऊ आलेत.

मिलिंद सोफ्याच्या कडेवर बसला होता, हेल्मेट हातात. कामावरून तसाच आला होता. आम्हाला बघून उठला.

"ताई, हे काय आहे?"

त्यांनी बॅग खाली ठेवली.

"तू ड्यूटीवर म्हणालीस."

"हो."

"आम्ही काय कमी केलं का तुला?"

"नाही रे. काही कमी नाही केलं."

"मग?"

त्यांनी बोलायला तोंड उघडलं आणि माझ्याकडे पाहिलं, जणू मी ते त्यांच्या वतीने सांगू शकेन. मी म्हटलं, "मिलिंद, त्यांना जरा झोप हवी होती. शांत."

"झोप येत नसेल तर गोळी घ्यायची. डॉक्टरकडे जायचं. मी नेलं नसतं का?" तो रागावला आहे असं मला वाटत होतं, पण त्याची हनुवटी हलत होती. "ते म्हणाले, तुमची बहीण दार उघडत नाहीये. वाटेत मला काय काय वाटलं, सांगू का तुला? गाडी कशी चालवली ते माझं मला माहीत."

तिथे सगळं संपलं. जाधव सिस्टरनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "चल. घरी जाऊ." मॅनेजर पुढे येऊन म्हणाला, मॅडम, खोली तुमचीच आहे, तुम्ही थांबू शकता. त्या म्हणाल्या, "नको. दुसऱ्या कुणाला द्या."

मिलिंदच्या स्कूटरवर मागे एका बाजूला बसून त्या गेल्या. बॅग मांडीवर.

घरी त्यांना कुणी वाकडा शब्द बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं, असं मला पुढे वाटायला लागलं. बदलापूरला गेल्यावर मिलिंदने त्यांच्या ड्यूट्या बंद करवल्या. भाजीला निघाल्या तरी बरोबर कुणीतरी. मिलिंदची बायको मनाने चांगली, तिने मोठ्या मुलीला त्यांच्या शेजारी झोपायला घातलं. फोनवर मला म्हणाली, "काळजी वाटते हो. मन कसं असेल त्यांचं, आपल्याला काय कळतं?" मी समजवायचा प्रयत्न केला. पण सिस्टर हॉटेलात झोपायला गेल्या होत्या, बाकी काही नाही, हे दुसऱ्याला सांगायला गेलं की आपल्यालाच ते अपुरं वाटायला लागतं. जाधव सिस्टरनी त्या दिवसाचा विषय माझ्याजवळ कधी काढला नाही. पिक्चरचाही नाही. एकदा मीच फोनवर म्हटलं, परवा टीव्हीवर लागला होता. "हो का," म्हणाल्या, आणि मला माझ्या गुडघ्यांचं विचारलं.

गेल्या हिवाळ्यात त्या गेल्या. हार्टचं निमित्त झालं. मिलिंदचा फोन आला तेव्हा तो रडत होता आणि मला धीर द्यावा तसं सांगत होता, "रविवार होता, मावशी. दुपारी जेवून सगळे घरातच होतो. तिचे हातपाय धरून बसलो होतो आम्ही. एकटी नव्हती ती, एक मिनिटसुद्धा नव्हती."

मी म्हटलं, "बरं झालं रे." दुसरं काय म्हणणार.

त्याच्या थोडं आधी मी बदलापूरला जाऊन आले होते. हॉलमध्ये टीव्ही चालू होता, मुलं होती, शेजारची कुणी आली होती. जाधव सिस्टर मध्ये बसून मटार सोलत होत्या. बारीक झाल्या होत्या. जेवण झालं, गप्पा झाल्या, आणि मी निघाले तेव्हा त्या "हिला रिक्षापर्यंत सोडून येते," म्हणून उठल्या. कुणीतरी बरोबर यायला निघालं, त्यांनी हातानेच नको म्हटलं.

खाली गेटजवळ वॉचमनची प्लॅस्टिकची खुर्ची होती, वॉचमन कुठेतरी गेला होता. त्या तिच्यावर बसल्या.

"तू जा गं सावंत. मी बसते इथे जरा."

मी रस्ता ओलांडून रिक्षात बसले. वरच्या गॅलरीतून मिलिंदच्या बायकोने हाक मारली, "ताई, खाली काय बसलात? वर या, ऊन लागेल." जाधव सिस्टरनी वर न बघता हात उचलून दाखवला, आले म्हणून. मग तो हात मांडीवर ठेवला, डोकं मागे भिंतीला टेकलं आणि डोळे मिटले. रिक्षा वळली तेव्हा वरून दुसरी हाक येत होती.